गुलबक्षी रंग रेशमावर आणायच्या नोंदी: लाख, नीळ आणि पावसाचं पाणी

आत्याची एक जुनी सिल्कची साडी आहे, अंग गुलबक्षी आणि काठ-पदर हिरवे जरीचे. काठ-पदर अजून टणक आहेत पण अंग घड्यांवर चिरलंय, नेसायला काढली की नवीन चीर पडते. काठ-पदर उसवून नवीन अंगाला लावून देणारे कारागीर मिळतात, अडचण रंगाची आहे. तयार गुलबक्षी कापड त्या जुन्या काठाशेजारी ठेवलं की नुसतं ओरडतं. म्हणून साधं पांढरं सिल्क घेऊन घरीच रंगवायचं ठरवलं. मी छोट्या प्रमाणावर नैसर्गिक रंगाचं काम करते, स्टोल आणि ओढण्या, पण आख्खी साडी एका रंगात एकसारखी कधी केली नव्हती. जे हे करणार आहेत त्यांच्यासाठी तारखेप्रमाणे लिहितेय. ठिकाण सातारा, पाणी बोअरचं. पाण्याचं मुद्दाम आधी सांगतेय कारण अर्धी भानगड त्यानेच केली.

९ जून

काठ उसवला. पहिला प्रश्न असा की जुळवायचं कुठल्या रंगाशी, कारण साडीवर तीन गुलबक्षी आहेत. वरचं अंग उडून फिकट झालंय, घडीच्या आतलं त्याहून गडद, आणि काठाच्या शिवणीत दुमडलेली जी बोटभर पट्टी होती ती एकदम ताजी, जांभळ्याच्या घरातली पण तांबड्याकडे झुकलेली, संध्याकाळी उमललेल्या फुलाची जशी असते तशी. आत्याला तिन्ही दाखवले. ती शिवणीतल्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "हा. घेतली तेव्हा अशी होती बघ." पण काठाची जरी आता मऊ पडलीय, तिच्याशेजारी तो ताजा रंग पुन्हा जास्तच होईल, म्हणून मी घडीच्या आतला मधला रंग धरला आणि तिचंही त्यावर हो आलं.

प्लेन मलबेरी सिल्क ६ मीटर, ७५० रुपये मीटरने ४,५००. त्यातलं अर्धा मीटर सॅम्पलला. साडेपाच मीटरचं कोरडं वजन ३७० ग्रॅम. हे वजन लिहून ठेवा, पुढचं सगळं माप यावरच चालतं.

१२ जून

सुरुवात फुलापासूनच केली. कंपाउंडच्या भिंतीला गुलबक्षी भरपूर आहे, चार-साडेचारनंतर उमलायला लागते, सकाळी उन्हं वर आली की मिटते, त्यामुळे फुलं संध्याकाळीच तोडायला लागतात. नळी आणि हिरवं काढून फक्त रंगीत भाग घेतला, २०० ग्रॅम व्हायला टोपलीभर फुलं लागली. निम्मी गार पाण्यात थोडं व्हिनेगर घालून चुरगळली, निम्मी नेहमीसारखी गॅसवर उकळायला ठेवली.

गार पाण्याचा रंग बघून कुणीही फसेल, इतका सुंदर आला. गॅसवरचा मात्र उकळी फुटायच्या आतच तपकिरीकडे गेला आणि शेवटी गवती चहासारखं पिवळट पाणी उरलं. तुरटी लावलेले सिल्कचे तुकडे (तुरटीमुळे रंग धाग्याला धरतो) दोन्हीत रात्रभर ठेवले.

१५ जून

गार पाण्यातला तुकडा काढला तेव्हा छान फिकट गुलाबी होता, साध्या पाण्यात दोनदा खळबळला तर अर्धा रंग गेला, उरलेला खिडकीत ठेवला तर आज तो मळक्या पांढऱ्याच्या जवळ पोचलाय. उकळलेला तर पहिल्यापासून बदामीच होता.

कारण थोडक्यात. गुलबक्षीच्या फुलातला रंग बीट, लाल माठ आणि बोगनवेल यांच्या जातीचा आहे, बीटालेन म्हणतात त्याला. उष्णता, ऊन, सोडा यातलं काहीच त्याला सोसत नाही आणि धाग्याला तो धरूनही बसत नाही. बीटात ओढणी बुडवून 'नैसर्गिक गुलाबी' दाखवतात ना, त्या ओढणीचं महिनाभराने काय होतं ते बघायला मागा. याच गुलबक्षीच्या झाडांवर कार्ल कॉरेन्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने लाल आणि पांढऱ्या फुलांचे संकर केले आणि मधली गुलाबी फुलं आली, ते उदाहरण बारावीच्या बायोलॉजीत आपण सगळ्यांनी पाठ केलंय. फूल अभ्यासाला उत्तम, पण कापड रंगवायला नाही. हा मार्ग बंद केला.

आणि खरं सांगायचं तर आत्याची मूळ साडीसुद्धा फुलाच्या रंगाची नव्हतीच, कारखान्यात तयार झालेल्या रंगाचीच असणार. ही गोष्ट जुनी आहे. लंडनमध्ये १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा क्विनीन, म्हणजे मलेरियाचं औषध, बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला, तो रंग मॉव्ह या नावाने गाजला, नाव मॅलोच्या फुलावरून, माल मात्र कोळशाच्या डांबरातला. लगेच १८५९ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला फ्युक्सिन निघालं, तेही फ्युशिया फुलाच्या नावाचं, आपल्या गुलबक्षीच्या अगदी शेजारचं, आणि तेही रसायनातून. तेव्हा फुलाच्या नावाचा रंग फुलातूनच यायला पाहिजे हा हट्ट मी सोडला.

१८ जून

फुलाऐवजी आता लाख, म्हणजे झाडाच्या काड्यांवर किडे तयार करतात ती राळ, तिच्यातच तांबडा रंग असतो. ती आली, १ किलो, १,१५० रुपये. काडीवरची कच्ची लाख घेतली, चपडी नाही. चपडी ही धुऊन रंग काढून टाकलेली असते, तिच्यात आपल्याला हवं ते काहीच उरत नाही, दुकानदार दोन्हीला लाखच म्हणतात म्हणून विचारून घ्या. कच्च्या लाखेचे दाणे फोडल्यावर आत गडद तांबडं दिसलं पाहिजे.

काड्या वेचून काढल्या, खलबत्त्यात कुटली, रव्याइतकी बारीक. मिक्सर लावू नका, पातं तापलं की लाख त्याला चिकटते आणि मग भांडं गेलंच. कुटलेली लाख मलमलच्या दुहेरी पुरचुंडीत बांधून कोमट पाण्यात रात्रभर. सकाळी गॅसवर ६० डिग्रीपर्यंतच. त्याच्या वर नेलं की राळ मऊ पडायला लागते, गोळा होतो आणि रंग आतच कोंडतो. एका पुरचुंडीला मी मुद्दाम उकळून बघितलं, फडक्यातून चिकट थेंब बाहेर आले, चमच्याला बसले, ते सुरीने खरवडावे लागले. तीनदा पाणी बदलून रंग काढला, तिसऱ्या पाण्यातही चांगला निघतो, फेकू नका.

२२ जून

सॅम्पल. बोटभर रुंदीच्या पट्ट्या, सगळ्यांना तुरटी वजनाच्या १५ टक्के, लाख वजनाच्या दीडपट. बाकी सगळं तेच ठेवून फक्त पाणी बदललं.

बोअरचं पाणी: वांगी रंग, मळकट, रंगाच्या पाण्यात तळाला गाळ बसला.
नगरपालिकेचं: बरं, पण दबलेलं.
पावसाचं: स्वच्छ किरमिजी, चमक शाबूत.

एकाच लाखेचे, एकाच तुरटीचे हे तीन रंग आहेत हे पट्ट्यांवर लिहिलेलं नसतं तर मलाच खरं वाटलं नसतं. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम लाखेचा रंग खाली बसवतो आणि लोखंड असेल तर ते रंग काळवंडवतं. मागच्या वर्षी माझे दोन स्टोल 'का कोण जाणे' मळकट आले होते, त्याचं उत्तर आज मिळालं. गच्चीच्या पन्हाळीखाली तीन ड्रम लावले. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, त्यात गच्चीची धूळ असते. ज्यांच्याकडे पाऊस नाही त्यांनी आरओचं शुद्ध पाणी वापरावं, बाहेर टाकायचं जे पाणी असतं ते नाही, ते बोअरपेक्षाही जड.

२७ जून

पावसाच्या पाण्यातला किरमिजी सुंदर आहे पण गुलबक्षी नाही, तांबडा जास्त आहे. त्याला निळ्याकडे ढकलायचं कसं एवढाच प्रश्न उरलाय. सगळीकडे दोन उपाय सांगतात, दोन्ही करून बघितले.

धुण्याचा सोडा. रंगवलेली पट्टी चिमूटभर सोड्याच्या पाण्यात घातली, डोळ्यांदेखत जांभळी झाली, अगदी हवा तसा रंग, मी तर लगेच आत्याला फोन केला. मग वाळल्यावर तिच्यावर लिंबाच्या पाण्याचा थेंब टाकला. थेंबाएवढा गोल नारिंगी डाग पडला, कडेला किरमिजी, बाहेर जांभळा. लाखेचा रंग आंबट-खाराप्रमाणे (आम्ल-अल्कलीप्रमाणे) सरकतो, म्हणजे घाम आला, कोशिंबिरीचा थेंब उडाला की साडीवर ठिपके. शिवाय सोडा सिल्कला मारतो, पट्टी हाताला खरखरीत लागली. बाद.

हिराकस, म्हणजे लोखंड. वजनाच्या अर्धा टक्का घेतला तरी एकदम जुन्या वांग्याचा रंग. पाव टक्क्यालाही चमक गेलीच. गुलबक्षीत उजेड पाहिजे आणि लोखंड नेमका तोच काढून घेतं. हेही बाद.

४ जुलै

उरला मार्ग नीळीचा. आधी सिल्कला फिकट निळा, त्यावर तुरटी, त्यावर लाख. नीळ आंबट-खाराने सरकत नाही, त्यामुळे लिंबाचा थेंब पडला तरी खालचा निळा जागेवर राहतो. क्रम उलटा करू नका, नीळीचं पाणी चुन्यामुळे खाराचं (अल्कलीचं) असतं, त्यात लाख लावलेलं कापड घातलं तर लाखेचा रंग सुटतो आणि नीळीचं भांडंही खराब.

नीळ गुळावर उठवली: नीळ पावडर १ भाग, कोरडी चुन्याची पावडर २ भाग, गूळ ३ भाग. पानाचा चुना वापरलात तर त्यात पाणी असतं, वजन त्याप्रमाणे वाढवायला लागेल. गरम पाण्यात ढवळून बरणीत झाकून ठेवली. गुळाला वेळ लागतो, संध्याकाळी वर तांब्यासारखी साय आणि खाली पिवळं-हिरवं पाणी दिसलं तेव्हा तयार. चुना चाळताना तोंडाला फडकं बांधा.

निळ्याच्या चार छटांच्या पट्ट्या केल्या, अगदी धुतल्या आकाशापासून चांगल्या निळ्यापर्यंत, सगळ्यांवर तीच लाख. सगळ्यात गडद निळ्यावर सरळ जांभळा आला. त्याच्या आधीचा कांद्याच्या सालीकडे गेला. दोन नंबरची फिकट पट्टी वाळवून काठावर ठेवली आणि पहिल्यांदा असं वाटलं की हे एकाच साडीतलं आहे.

६ जुलै

ट्यूबलाइटखाली दोन नंबर जुळतोय, दुपारी अंगणात सावलीत नेला तर किंचित तांबडा दिसतोय. वेगवेगळ्या रंगद्रव्यांचं हे असंच होतं, एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे. साडी लोक दिवसा कार्यातही नेसतात आणि रात्री हॉलमध्येही, त्यामुळे दोन्हीकडे थोडा-थोडा चालेल असा रंग धरायचा. दोन आणि तीनच्या मधला निळा करून बघितला, तो दोन्हीकडे चालला. आत्याला पट्टी हातात दिली, ती खिडकीपाशी गेली, मग आतल्या खोलीत गेली, परत आली, "हा घे. हाच." विषय संपला.

१९ जुलै

आता पूर्ण कापड. पाऊस धरून होता त्यामुळे ड्रम भरले, पण वाळवायला जागा नाही, म्हणून मध्ये इतके दिवस गेले.

टोप: जुना स्टीलचा ३५ लिटरचा, भांडी-मोडवाल्याकडून १,८०० ला. केटररकडून भाड्याने मिळतो पण त्यात परत लोकांचं जेवण शिजणार, तिथे तुरटी-चुन्याची भांडी करायची नाहीत. रंगाचं भांडं, पळी, चाळणी सगळं वेगळं आणि त्यावर खूण.

आधी रिठ्याच्या कोमट पाण्यात कापड धुतलं. नव्या सिल्कला खळ आणि तेलकटपणा असतो, तो राहिला की तिथे रंग घेत नाही. ओलं कापड वर धरून बघा, पाणी सगळीकडे सारखं पसरलं पाहिजे, कुठे कोरडं बेट दिसलं तर परत धुवा.

मग नीळ. आणि इथे काम अडलं. गडद निळा एकसारखा आणणं सोपं आहे, फिकट आणणं फार अवघड, कारण कापडाच्या ज्या भागाला दोन सेकंद जास्त मिळाले तो लगेच वेगळा दिसतो. साडेपाच मीटर आत सोडेपर्यंत पहिलं टोक कितीतरी वेळ आत होतं. बाहेर काढलं तर एका टोकाला आकाशी, दुसऱ्या टोकाला जवळजवळ पांढरं, मध्ये हवेच्या बुडबुड्यांचे पांढरे गोल.

२० जुलै

रात्री विचार केला की कडक पाण्यात एक बुडी देण्याऐवजी अगदी पातळ पाण्यात पुष्कळ बुड्या द्याव्यात. टोपात कोमट पावसाचं पाणी घेतलं, त्यात आधी थोडा चुना आणि गूळ घालून झाकून ठेवलं म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, नाहीतर नवीन पाणी नीळीला टोपातच मारून टाकतं. मग बरणीतलं वरचं निवळ पाणी फक्त लिटरभर घातलं. कापड आधी साध्या पाण्यात चिंब केलं, दरवेळी सुरुवात आलटून पालटून उलट्या टोकाने केली, पाण्याखालीच हाताने उलगडत राहिले, बाहेर काढतानाही पाण्याखालीच पिळून, थेंब वर पडू न देता. कालचा पांढरा भाग जास्त वेळ आत, आकाशी भाग कमी. हवेत हिरव्याचा निळा होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढची बुडी.

दुपारपर्यंत सगळं एक झालं. बुडबुड्यांचे गोल मात्र पूर्ण गेले नाहीत, दोन अजून अंधुक दिसतात. ते निऱ्यांत जातील असं टोक ठरवून दोऱ्याने खूण केली. शेवटी व्हिनेगरच्या पाण्यात खळबळलं, चुना सिल्कमध्ये राहू द्यायचा नाही.

संध्याकाळी तुरटी, ५५ ग्रॅम, आधी कपभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मग टोपात. ४५ डिग्रीला कापड सोडलं आणि गॅस बंद, रात्रभर तसंच. सिल्कला तुरटीत उकळायची गरज नाही.

२२ जुलै

लाख ५५०-५६० ग्रॅम, तिन्ही पाणी एकत्र, चार पदरी फडक्यातून गाळून. पीएचच्या, म्हणजे आंबटपणा मोजायच्या, कागदावर पाणी ४ च्या आसपास येईल इतकं व्हिनेगर. हे कागद मला १५० रुपयांना मिळाले, अंदाजाने घालू नका, पट्ट्यांच्या वेळी जेवढं होतं तेवढंच आत्ता पाहिजे.

कापड ३५ डिग्रीला घातलं आणि तासाभरात हळूहळू ८० ला नेलं. इथे नवरा मदतीला लागला, एकटीने होत नाही, एकाने गॅस आणि थर्मामीटर सांभाळायचा आणि एकाने कापड हलवायचं. ८० च्या वर गेलं की सिल्कची चमक मरते आणि उरलीसुरली राळही सुटायला लागते. पाऊण तास ८० ला, मग बंद करून टोपातच गार.

२३ जुलै

सकाळी काढलं. रंग बरोब्बर. पण दोन गोष्टी.

एक, बारीक तपकिरी ठिपके, खसखशीएवढे, पदराच्या बाजूला जास्त. नखाने निघेनात. ती राळ आहे, गाळणीतून निसटलेली. सुतार चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात ते आठवलं, मग हेही स्पिरिटनेच जाणार. आधी सॅम्पलच्या पट्टीवर लावून बघितलं, रंगाला काही झालं नाही. मग कापडाखाली टिपकागद, वरून कापसाच्या काडीने स्पिरिटचा थेंब, घासायचं नाही, नुसतं दाबून धरायचं, राळ मऊ होऊन खालच्या कागदावर येते. कागदावर तपकिरी ठिपका उठला की कापडाखालची जागा बदलायची, नाहीतर तोच परत कापडात चढतो. आख्खी दुपार यात गेली पण सगळे निघाले.

दोन, ढग. जिथे कापड पाण्यावर फुग्यासारखं वर आलं होतं तिथे रंग कमी बसलाय. उजेडाकडे धरल्यावर चार-पाच ठिकाणी दिसतं. काठ लावून निऱ्या घातल्यावर कदाचित दिसलं नसतं, पण पदराजवळचा एक ढग बरोबर छातीवर येतोय, तो सोडता येईना.

२६ जुलै

ढगांवर उपाय. कापडाची दोन टोकं एकमेकांना कच्च्या टाक्याने शिवून गोल केलं. टोपाच्या वर दोन खुर्च्यांच्या पाठीवर जाडसर पीव्हीसी पाइप आडवा टाकला आणि कापड त्यावरून घेऊन खाली टोपात सोडलं, मग पाइप गोल फिरवत राहायचं, कापड सारखं वरून खाली, खालून वर. कारखान्यात हेच मशीनवर करतात. असं केलं की कुठलाच भाग पाण्यावर तरंगत पडून राहत नाही.

पातळ तुरटी परत दिली, मग उरलेल्या लाखेतली १०० ग्रॅम, गार पाण्यापासून सुरुवात, आणि यावेळी ८० ला पोचायला दोन तास घेतले. सुरुवातीला जेवढं हळू तेवढं एकसारखं. शेवटच्या अर्ध्या तासात पाणी जवळजवळ रिकामं झालं आणि ढग भरले. रंग पट्टीपेक्षा एका बोटाने गडद झालाय. आत्या म्हणाली, "बरंय की, धुण्यात जाईल तेवढा." ते खरंच आहे. हा पाइपचा प्रकार पहिल्याच वेळी केला असता तर स्पिरिटचं काम सोडून बाकी सगळं एका दिवसात झालं असतं. नीळीलाही असाच पाइप लावा, पण तो पाण्याखाली राहिला पाहिजे, हवेत आला की नीळ तिथल्या तिथे बसते.

११ ऑगस्ट

टेस्ट. उरलेल्या तुकड्यांवर, साडीवर नाही.

ऊन: अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाकून दक्षिणेच्या खिडकीत २७ जुलैपासून. पावसाळी ऊन आहे हे धरून, तरी झाकलेल्या आणि उघड्या भागात फरक शोधावा लागतो. शेजारीच जूनमधली फुलाची पट्टी आहे, ती आता पूर्ण कोरी.
धुणं: रिठ्यात पाणी किंचित गुलाबी, दुसऱ्या वेळी स्वच्छ. डिटर्जंटमध्ये रंग जांभळ्याकडे सरकला, म्हणून डिटर्जंट कधीच नाही.
लिंबू: ठिपका पडतो पण नारिंगी होत नाही, खालचा निळा धरून ठेवतो, लगेच साध्या पाण्याने टिपलं तर जवळजवळ जातो.
घासणं: ओल्या पांढऱ्या फडक्याने घासलं तर अगदी थोडा निळा लागला. नीळ असली की एवढं होतंच, पहिल्यांदा नेसताना पांढरा परकर नको.

१४ ऑगस्ट

ब्लाऊजच्या अस्तराचं सुती कापड. लाख सुतावर सहजी बसत नाही, आधी तुरट काहीतरी लागतं. हिरड्याने केलं तर खाली पिवळट थर येतो आणि गुलबक्षी विटकरीकडे जातो. मायफळाने (ओकच्या झाडावरच्या तुरट गाठी) केलं, तो थर बराच स्वच्छ असतो, मग तुरटी, मग लाख. सिल्कच्या निम्माच गडद आला. अस्तराला पुरे, पण सुती साडी गुलबक्षी करायची असेल तर या मार्गाने मी तरी जाणार नाही.

२१ ऑगस्ट

काठ-पदर जोडून आले. जोडणीचे १,४०० रुपये. हिरव्या काठाला लागून रंग कसा दिसतो याची धाकधूक होती, शिवणीत जी ताजी गुलबक्षी पट्टी राहिली होती ती कारागिराने तशीच ठेवलीय, तिच्यापेक्षा नवीन अंग एक घर शांत आहे आणि जरीशी जमतंय. आत्या गौरीला नेसणार आहे.

हिशेब: सिल्क ४,५००, लाख १,१५०, टोप १,८००, नीळ-चुना-गूळ-तुरटी-व्हिनेगर मिळून साधारण ६५०, पीएच कागद आणि स्पिरिट २५०, मायफळ आणि सुती कापड ४००, जोडणी १,४००. एकूण १०,१५० आणि गॅस वेगळा. टोप पुढेही वापरात राहील.

उरलेलं: लाखेच्या पुरचुंडीतला चोथा उन्हात वाळवलाय, त्यात राळ आहे, ओळखीच्या सुताराला हवी होती. तुरटीचं पाणी कुंड्यांत ओतू नका, भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. चुन्याचं पाणी आणि व्हिनेगरचं पाणी एकमेकांत मिसळून मगच टाकलं.

अजून एक, कुणाला मजेंटाच्या जवळचा जास्त झगझगीत गुलबक्षी हवा असेल तर निळा कमी करून लाख दुप्पट घ्या आणि पहिली पट्टी पावसाच्याच पाण्यात करा. माझ्या चार छटांच्या पट्ट्या मापासकट वहीत चिकटवलेल्या आहेत, पुढची साडी मोरपंखी आहे तेव्हा वही उघडीच राहणार आहे.